दातण, जीभ आणि तोंडाचा वास

मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या लेण्यांकडे चढून गेलेले आपल्यापैकी पुष्कळजण असतील. माणसे चैत्यगृहापुढे उभी राहतात, छताच्या जुन्या लाकडी फासळ्या पाहतात, आणि पाय दुखू लागले की खाली उतरतात. डोंगर खोदून केलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे फारसे कोणी वळत नाही. त्यांपैकी एका टाक्याशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटासा लेख आहे. महारथी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने ही पोढी दान दिली, एवढाच त्याचा मजकूर. पोढी म्हणजे पाण्याचे टाके.

मी इतिहास शिकवतो आणि दरवर्षी हिवाळ्यात मुलांना घेऊन या डोंगरावर जातो. एका वर्षी त्या टाक्यापाशी एका मुलाने विचारले, "सर, हे भिक्षू इथे दात कशाने घासत होते हो?" सगळी मुले हसली. मीही हसलो आणि "काडीने" असे म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. राजे आणि लढाया आम्ही शिकवतो; माणसे सकाळी उठून तोंड कसे धूत होती, हे आम्हांला कोणी विचारीत नाही. आणि दुसरे असे की, तोंडाच्या वासाचे प्रकरण माझ्या स्वतःच्या आयुष्यात एकदा चांगलेच अवघड झाले होते. ते पुढे सांगेन. आधी भिक्षूंचे उत्तर.

बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांना विनय म्हणतात. पाली विनयातल्या चुल्लवग्ग नावाच्या भागात दातणाची हकिकत आली आहे. भिक्षू दातण करीत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला घाण येऊ लागली. ही गोष्ट बुद्धांच्या कानांवर गेली. दातण न केल्याने पाच तोटे होतात, असे त्यांनी सांगितले, आणि तोंडाला दुर्गंधी येणे हा त्यांतला एक. म्हणून भिक्षूंनी दातण करावे, अशी परवानगी दिली. पण माणसे ती माणसेच! काही व्रात्य भिक्षूंनी लांबलचक दातणे घेतली आणि त्यांनीच लहान श्रामणेरांना मारायला सुरुवात केली. तेव्हा नियम झाला की, दातण आठ अंगुळांपेक्षा लांब नसावे. पुढे कोणी एकाने अगदी आखूड तुकडा चघळायला घेतला आणि तो त्याच्या घशात अडकला. मग दुसरा नियम आला की, चार अंगुळांपेक्षा आखूडही नसावे. शिक्षकमंडळींना ही गोष्ट ओळखीची वाटेल. वर्गातला प्रत्येक नियम कोणाच्या ना कोणाच्या उपद्व्यापातूनच जन्माला येतो.

त्याच ग्रंथात लसणीचीही एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक मोलाची वाटते. बुद्ध प्रवचन करीत बसले होते. सगळे भिक्षू जवळ बसलेले, आणि एकजण मात्र लांब, एका बाजूला. तो तिथे का बसला आहे, असे बुद्धांनी विचारले. त्याने लसूण खाल्ली होती. आपल्या वासाचा इतरांना त्रास होऊ नये म्हणून तो बिचारा आपण होऊन दूर बसला होता. जे खाल्ल्याने माणसाला अशा चर्चेपासून दूर बसावे लागते, ते खावे काय, असा बुद्धांचा प्रश्न होता. लसूण खाण्यास मनाई झाली. पुढे सारिपुत्ताच्या पोटात वात धरला तेव्हा औषध म्हणून ती खाण्यास मोकळीकही मिळाली. मला या गोष्टीत काय दिसते, तर दूर बसलेला माणूस कोणाच्या तरी लक्षात आला आणि कारण उघडपणे विचारले गेले.

भाजे, कार्ले, बेडसे इथल्या भिक्षूंनी अमुक झाडाची काडी चघळली, असे सांगणारा लेख डोंगरावर नाही. पण दातणाचा नियम वेगवेगळ्या बौद्ध संप्रदायांच्या विनयांत आहे, तेव्हा इथले विहार त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. कार्ल्याच्या लेखांत आपल्या मावळचे नाव 'मामाळ' असे येते, आणि वलूरकाच्या म्हणजे कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव दान दिल्याचा उल्लेखही येतो. करजिक म्हटले की करंजाची आठवण होते, आणि करंज हे तर नावाजलेले दातण! पण नावाच्या सारखेपणावर इतिहास उभारू नये. तो मोह आमच्या धंद्यात फार वाईट.

करंज नावाजलेले असे मी म्हणालो ते सुश्रुताच्या आधाराने. सुश्रुतसंहितेत दातण बारा अंगुळे लांब आणि करंगळीइतके जाड सांगितले आहे. कडू झाडांत कडुनिंब उत्तम, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज. ही झाडे आपल्या माणसांना नव्याने सांगायला नकोत. चरकसंहिता याहून एक पाऊल पुढे जाते. जीभ खरवडण्यासाठी सोने, रूपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली वाकडी पट्टी वापरावी, असे ती सांगते, आणि कारणही देते. जिभेच्या मुळाशी जो मळ साचतो त्याने दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडायची. जिभेच्या मुळाशी, हे शब्द कृपा करून ध्यानात ठेवा. आपल्याला पुन्हा तिथेच यायचे आहे.

सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू भारतात आला आणि नालंदाला पुष्कळ वर्षे राहिला. इथल्या भिक्षूंच्या दिनचर्येवर त्याने ग्रंथ लिहिला, त्यात एक सबंध प्रकरण दातणावर आहे. काडीचे टोक चघळून मऊ करायचे, दात घासायचे, मग तीच काडी चिरून, वाकवून तिने जीभ खरवडायची आणि चूळ भरायची. या सवयीमुळे भारतात दातदुखी फारच थोडी आढळते, असेही त्याने लिहून ठेवले आहे. पाहुण्याने केलेली स्तुती थोडी वजा करून घ्यावी हे खरे. तरी जीभ खरवडण्याची रीत बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी इतकी सर्रास होती की परदेशी माणसाला ती लिहून घ्यावीशी वाटली, एवढे तरी त्यावरून निश्चित ठरते.

मग ही रीत मोडली कुठे? ती एकदम मोडली नाही. जुन्या घरांतून तांब्याची पट्टी न्हाणीघरात टांगलेली असे; काही घरांत अजूनही असते. पण काडी गेली, राखुंडी आली, राखुंडीमागून मंजन आले, मंजनामागून टूथपेस्ट आली, आणि या बदलांत दातांकडे जितके लक्ष गेले तितके जिभेकडे राहिले नाही. आम्हां रेडिओवाल्यांचाही यात हात आहे बरे का! १९५२ साली सुरू झालेला, सिलोन रेडिओवरचा बिनाका गीतमाला हा कार्यक्रम आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बिनाका हे एका टूथपेस्टचे नाव होते. गाण्यांबरोबर पेस्टचे नाव ज्या घरात पोचले, तिथे सोबत जिभेच्या पट्टीचे नाव सांगायला कोणी नव्हते.

याहून मोठा बदल त्याआधी अमेरिकेत झाला होता. सेंट लुइस शहरात १८७९ साली लिस्टरीन नावाचे जंतुनाशक तयार झाले. शस्त्रक्रियेत जंतुनाशके रूढ करणाऱ्या लिस्टर या इंग्रज वैद्याचे नाव त्याला दिले होते, आणि गिऱ्हाईक होते डॉक्टर लोक. १९२० नंतर त्याच्या मालकांनी हॅलिटोसिस हा अडगळीतला वैद्यकी शब्द उचलला आणि जाहिरातींचा धडाका लावला. त्या जाहिरातींत एक सुरेख मुलगी असे, तिचे लग्न जमत नसे, आणि का जमत नाही हे तिला तिची जिवलग मैत्रीणसुद्धा सांगत नसे. औषध खपले, भरपूर खपले. पण त्याबरोबर एक कल्पनाही खपली. तोंडाचा वास ही इतकी लाजिरवाणी गोष्ट आहे की ती ज्याची त्याला कोणी सांगायची नसते! भिक्षुसंघात जी गोष्ट सर्वांदेखत विचारली गेली होती, ती आता कुजबुजीची झाली.

नेमक्या त्याच दशकात आपल्या लोणावळ्यात निराळे काम सुरू झाले. १९२४ साली स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगमीमांसा हे नियतकालिक काढले. त्याआधी बडोद्याला त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रिया तपासल्या होत्या. योगी सांगतात म्हणून मानायचे नाही आणि योगी सांगतात म्हणून हसायचेही नाही, मोजून पाहायचे, ही त्यांची भूमिका. पुढे १९७८ साली कैवल्यधामाने घेरंडसंहितेची संपादित आवृत्ती काढली. हठयोगाच्या या ग्रंथात शरीरशुद्धीच्या क्रियांमध्ये दंतधौती सांगितली आहे, आणि तिच्यात दातांच्या मुळांबरोबर जिभेचे मूळही येते. दातांचे मूळ खैराच्या रसाने किंवा स्वच्छ मातीने घासायचे. जिभेचे मूळ घशात तीन बोटे घालून हळूहळू चोळायचे. याने म्हातारपण आणि मरणसुद्धा टळते, असे ग्रंथ सांगतो, तिकडे आपण कानाडोळा करू. पण चरकाने बोट ठेवले होते त्याच जागेवर योग्यांनीही बोट ठेवले, आणि तेही अक्षरशः, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. मात्र कापड गिळून पोट धुण्याच्या वस्त्रधौतीसारख्या क्रिया पुस्तक वाचून घरी कोणी करू नयेत. त्या जाणत्या शिक्षकासमोरच करायच्या, आणि आपल्या आजच्या प्रश्नाला त्यांची गरजही नाही.

गरज का नाही, हे मला फार उशिरा कळले. मी नोकरीला लागलो तेव्हा रोज चार-चार तास घसा फोडून शिकवीत असे. मधल्या सुट्टीत चहा, पाणी फारसे नाही, एकादशीला तर कडकडीत उपास. पहिल्या बाकावरची मुले मागे सरकू लागली. शंका विचारायला आलेला मुलगा दोन हात लांब उभा राहू लागला. मला समजत होते, पण बोलणार कोणाशी? पोट बिघडले असणार असे मी आपले ठरवले आणि एका औषधविक्याकडून चूर्णे आणून वर्ष-सव्वा वर्ष खाल्ली. पोट साफ झाले, वास तसाच. शेवटी पवन मावळातली माझी आत्या एका लग्नात भेटली. मी वाकून नमस्कार केला, तशी म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "आरं बाळा, तोंडाला वास मारतूय तुझ्या. जीभ खरवडतूस का न्हाई कधी?" मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. पण सव्वा वर्षात खरे बोलणारे ते पहिलेच माणूस होते.

तिच्या पट्टीने निम्मे काम झाले. उरलेल्या निम्म्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तेव्हा हिरड्यांखाली कीटण साचून एक दाढ मुळापासून हलू लागली होती. ती गेली. वर्षभर आधी आलो असतो तर कदाचित वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हा चूर्णाचा खरा खर्च एक दाढ!

पोटाची समजूत इतकी पक्की का आहे कोण जाणे. वास्तविक अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर येईल तेवढ्यापुरता पोटातला वास वर येतो. नेहमीचा वास बहुतेकांच्या बाबतीत तोंडातलाच असतो. डेल्फ्ट गावचा कापडविक्या लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांवरचा पांढरा साका स्वतः बनवलेल्या भिंगाखाली पाहिला, आणि त्यात वळवळणारे जीव त्याला दिसले. तो रोज मिठाने दात घाशी, तरीही! ज्या म्हाताऱ्याने जन्मात दात घासले नव्हते त्याच्या तोंडात तर त्यांची जत्राच होती. हे जीव वास कसा करतात याचा उलगडा मात्र १९६० नंतरच्या काळात झाला. कॅनडातल्या टोन्झेटिच या संशोधकाने श्वासातले वायू वेगळे करून पाहिले, तेव्हा मुख्य दोषी ठरले ते गंधकयुक्त वायू.

हे वायू आपल्याला अनोळखी नाहीत. आषाढात चिखलणी करताना खाचरात पाय खोल रुतला की बुडबुडे येतात आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे हवेवाचून जगणारे जंतू गंधकाचा वायू सोडतात. जिभेचा मागचा भाग म्हणजे असेच एक लहानसे खाचर. तिथल्या फटींत अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी साचतात, हवा पोचत नाही, आणि जंतू त्यांतली प्रथिने कुजवतात. हिरड्या आणि दात यांच्यामधल्या खोबणींतही तेच चालते. लाळ हे सगळे धुऊन नेत असते. झोपेत लाळ कमी होते म्हणून सकाळी तोंड आंबते; उपासाने, कमी पाण्याने आणि खूप बोलण्याने तोंड कोरडे पडते म्हणून शिक्षकाच्या तोंडाला वास येतो. लसणीचे मात्र वेगळे आहे. तिचा वास रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर पडतो, म्हणून कितीही दात घासले तरी तो काही तास राहतोच. लांब बसलेल्या त्या भिक्षूला दुसरा इलाज नव्हता.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. जीभ रोज सकाळी अगदी मागून पुढे, बेताने खरवडावी. रक्त काढू नये. दात दोन वेळा घासावेत, त्यांतही रात्रीचे घासणे चुकवू नये. दातांच्या फटीही साफ कराव्यात. लोणावळ्याची चिक्की खाल्लीत तर दाढेत काय अडकून राहते हे मी सांगायला नको. कडुनिंबाची काडी चालेल, पण टोक चावून मऊ झाल्याशिवाय हिरडीला लावू नये. राखुंडी, विटेची पूड, वाळू यांनी दातांचे कवच झिजते. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. हिरडीतून रक्त येत असेल तर मंजन बदलत बसू नये, दातांच्या डॉक्टरला दाखवावे. सुश्रुताने शीताद म्हणून जो हिरड्यांचा रोग सांगितला आहे, त्यात रक्त आणि दुर्गंधी ही दोन्ही जोडीनेच येतात.

आणि मिश्री. आमच्या मावळातल्या आयाबाया भाजलेली तंबाखू मंजन म्हणून लावतात. दात दुखायचे थांबतात, म्हणतात. दुखणे थांबत नाही, कळायचे थांबते. तंबाखू घातलेल्या मंजनांवर १९९२ साली देशात बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायदा कुठून पोचणार? हिरड्या सरकतात, वास वाढतो, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. हे घरातल्या मुलीने आईला सांगावे. दुसऱ्या कोणाचे ती ऐकणार नाही.

तोंड नीट साफ ठेवूनही वास जात नसेल तर नाक, घशातल्या गाठी, फुप्फुसे यांची तपासणी करून घ्यावी. श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत असेल आणि माणूस मधुमेही असेल, तर मात्र दवाखाना त्याच दिवशी गाठावा.

आता एका मुलाची हकिकत सांगतो आणि थांबतो. आंदर मावळातल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाई माझ्या विद्यार्थिनी. पहिलीतला एक मुलगा दाराशी एकटा बसू लागला, असे त्यांच्या लक्षात आले. मुले त्याला शेजारी घेईनात. घाण येते, म्हणत. घरचे म्हणत, पोट खराब आहे. बाईंनी त्याला एकट्याला काही विचारले नाही. सबंध वर्गाला नळावर नेले, सगळ्यांना तोंड उघडायला लावले, सगळ्यांच्या जिभा पाहिल्या, चुळा भरायला लावल्या. मुलांना तो खेळच वाटला. या मुलाची जीभ स्वच्छ होती, दात दुधाचे आणि धड. मग वास कुठला? जवळ घेऊन पाहिले तर एकाच नाकपुडीतून येत होता, आणि तीच नाकपुडी वाहत होती. बाईंनी नाकात काही खुपसले नाही, हे फार शहाणपणाचे केले. आईला बरोबर घेऊन त्या मुलाला वडगावला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी चिमट्याने एक चिंचोका बाहेर काढला. दिवाळीच्या सुट्टीत खेळताना घातलेला. भीतीने कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात तो तिसऱ्या रांगेत, दोघांच्या मध्ये बसला होता, आणि चिंचोका कागदाच्या पुडीत घालून सगळ्या वर्गाला दाखवीत होता.